खटपट कुणाच्या वाट्याला?

पंचांग आणि कालनिर्णय यांतली माहिती बरीचशी एकच असते. तिथी, नक्षत्र, सूर्योदय, चंद्रोदय, सण, एकादश्या. पारंपरिक पंचांग उघडलं की मात्र घटी-पळांचे रकाने आणि योग-करणांची आद्याक्षरं समोर येतात. संकष्टीला चंद्र किती वाजता उगवणार, एवढं एक उत्तर काढायलाही जाणकार बोलवावा लागतो. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढलं तेव्हा नवं गणित मांडलं नव्हतं. घरातल्या माणसाला त्या दिवशी लागणारं तेवढं त्यांनी निवडलं आणि त्या तारखेच्या चौकोनात नेऊन ठेवलं. उपास कधी सोडायचा हे संकष्टीच्याच घरात वाचायला मिळतं, दुसरं पान उलटावं लागत नाही. यात पंचांगाचा दोष काही नाही. ते ज्योतिषासाठी, पुरोहितासाठी रचलेलं आहे आणि त्यांना तसंच सोयीचं पडतं. कुठलीही मांडणी कुणासाठी तरी असते, आणि ती कुणासाठी आहे हे पहिल्या नजरेत कळतं. आपल्याकडची बहुतेक संकेतस्थळं पाहिली, सरकारी तर विशेषच, तर ती आपापल्या कचेरीसाठी रचलेली पंचांगं आहेत आणि ती घरच्या माणसाच्या हातात दिलेली आहेत.

संकेतस्थळ सोपं करायचं म्हटलं की चर्चा रंगांवर, फिरत्या चित्रांवर, फार तर भाषेच्या शुद्धतेवर येऊन थांबते. मूळ प्रश्न श्रमविभागणीचा आहे. माहिती शोधणं, त्यातलं आपल्याला लागू काय ते निवडणं, चार ठिकाणचे तुकडे जुळवणं, ही खटपट नाहीशी करता येत नाही. ती कुणाच्या माथी मारायची एवढंच ठरवता येतं. लिहिणाऱ्याने ती एकदा केली तर येणारा प्रत्येकजण सुटतो. त्याने टाळली तर येणारा प्रत्येकजण ती दरवेळी नव्याने करतो, आणि ज्याला जमत नाही तो कुणाला तरी पैसे देऊन करवून घेतो. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडणाऱ्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मद्रासमध्ये बसून चौथा नियम सांगितला तो हाच: वाचकाचा वेळ वाचवा. हे तत्त्व आपल्याकडे परदेशातून आलेलं नाही, हे सांगायला हवं, कारण पुढची बरीच उदाहरणं परदेशातली आहेत.

माणसं पडद्यावर वाचतात कशी, याबद्दल अंदाज बांधण्याची गरज उरलेली नाही. याकोब निल्सन आणि जॉन मॉर्क्स यांनी १९९७ मध्ये केलेल्या पाहणीत ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळत होते. शब्दन्शब्द वाचणारे १६ टक्के निघाले. मग त्यांनी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटनाविषयीचा एकच मजकूर निरनिराळ्या पद्धतींनी लिहून लोकांपुढे ठेवला. मूळ मजकूर जाहिरातीच्या थाटाचा होता. तो जवळपास निम्म्या शब्दांत आणला तेव्हा त्याची उपयुक्तता ५८ टक्क्यांनी वाढली. शब्द तेवढेच ठेवून नजरेला थांबे दिले, म्हणजे उपशीर्षकं, याद्या वगैरे, तेव्हा ४७ टक्क्यांनी. या सगळ्यात मला जास्त लक्षात राहण्यासारखा वाटतो तो तिसरा आकडा. मांडणी तीच, लांबी तीच, फक्त स्वतःची स्तुती काढून टाकली, तरी २७ टक्के फरक पडला. म्हणजे 'जगप्रसिद्ध', 'अग्रगण्य', 'नागरिकांच्या सेवेसाठी सदैव कटिबद्ध' हे शब्द नुसते निरुपयोगी नसतात. ते वाचणाऱ्याला थांबून बाजूला सारावे लागतात, आणि त्यात त्याची शक्ती जाते. तिन्ही सुधारणा एकत्र केल्यावर वाढ १२४ टक्क्यांवर गेली.

चाळणारा माणूस आळशी नसतो. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९९० च्या दशकात मांडलं की माहिती शोधणारा माणूस भक्ष्याचा माग काढणाऱ्या प्राण्यासारखा हिशेबी वागतो. पुढच्या दारामागे आपलं काही असेल असा वास आला तर तो पुढे जातो, वास विरला की दुसरीकडे वळतो. दुव्यावर लिहिलेले शब्द हाच तो वास. तीन क्लिकांत उत्तर मिळालंच पाहिजे, असा एक नियम वर्षानुवर्षं सांगितला जात होता. जोशुआ पोर्टर यांनी २००३ मध्ये तो तपासला, तेव्हा क्लिकांची संख्या आणि लोकांचं अर्ध्यावर सोडून जाणं यांचा संबंध सापडला नाही. माणूस दहा पायऱ्या चढतो, फक्त प्रत्येक पायरीवर आपण बरोबर चाललोय असं वाटायला हवं. या कसोटीवर 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा' हा आपल्याकडचा लाडका दुवा शून्य गुणांचा आहे. 'येथे' म्हणजे कुठे, हे आत गेल्याशिवाय कळत नाही.

एकच प्रश्न दोन ठिकाणी कसा हाताळला जातो ते जवळून पाहू. प्रश्न साधा आहे: पुढची सार्वजनिक सुट्टी कधी? ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावर, गव्ह डॉट यूकेवर, या विषयाचं पान उघडलं की वरच ठळक अक्षरांत पुढच्या सुट्टीची तारीख आणि तिचं नाव येतं. बहुतेकांचं काम तिथेच संपतं. ज्याला वर्षभराच्या तारखा हव्यात त्याच्यासाठी खाली यादी आहे, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या वेगळ्या सुट्ट्यांसाठी वेगळा भाग आहे, आणि तारखा आपल्या कॅलेंडरात उतरवून घेण्याची सोय आहे. महाराष्ट्रात हीच माहिती सामान्य प्रशासन विभागाच्या अधिसूचनेतून येते. ती निघते पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली, म्हणजे हुंड्या आणि धनादेशांच्या कायद्याखाली, कारण त्या दिवशी बँकांचे व्यवहार कसे धरायचे हे त्यावर ठरतं. अधिसूचनेत आधी कायद्याचा आणि अधिकाराचा उल्लेख, मग तक्ता: अनुक्रमांक, सुट्टीचं नाव, इंग्रजी तारीख, भारतीय सौर दिनांक, वार. कायदेशीर दस्तऐवज म्हणून यात खोट काढता येत नाही. पण दिवाळीला गावी जायचं आरक्षण करणारा माणूस 'पराक्राम्य संलेख' हे शब्द शोधचौकटीत लिहिणार नाही, आणि सौर दिनांकाने त्याचं तिकीट निघणार नाही. तो भिंतीवरचं कॅलेंडर बघतो. सरकारने काढलेली माहिती लोकांपर्यंत पोचते ती खासगी प्रकाशकांनी नव्याने मांडल्यावर.

ब्रिटनमध्ये हे आपोआप झालं नाही. प्रत्येक मंत्रालयाचं, महामंडळाचं स्वतःचं स्थळ होतं. मार्था लेन फॉक्स यांनी २०१० मध्ये सरकारला सादर केलेल्या अहवालात ही सगळी रचनाच मोडण्याची शिफारस केली. २०११ मध्ये त्यासाठी वेगळं खातं उभं राहिलं, ऑक्टोबर २०१२ मध्ये नवं एकत्रित स्थळ सुरू झालं आणि २०१४ अखेरपर्यंत तीनशेहून अधिक संस्थांचा मजकूर तिथे हलवला गेला. हलवला म्हणण्यापेक्षा गाळला म्हणावं, कारण प्रत्येक पानाला एकच प्रश्न विचारला जात होता: हे कुणाला, कुठल्या कामासाठी लागतं? उत्तर नसेल तर पान गळायचं. सारा रिचर्ड्स यांच्या हाताखालच्या लेखक मंडळींनी या कामाला 'कंटेंट डिझाइन' हे नाव रूढ केलं. २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने वर्षातल्या सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार या स्थळाला दिला. पुढे हेच स्थळ फुगत जाऊन तिथेही लाखो पानं साचली, हेही खरं. छाटणी एकदा करून भागत नाही.

आता आपल्याकडे. एखाद्या खात्याच्या मुखपृष्ठावर काय दिसतं? मान्यवरांची छायाचित्रं, ध्येय आणि उद्दिष्टं, संघटनात्मक रचना, आमच्याविषयी, छायाचित्र दालन, निविदा, परिपत्रकं. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कचेरी स्वतःकडे कशी पाहते हे सांगते. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवलं होतं की संस्था जी रचना करते तिच्यात संस्थेच्या अंतर्गत संपर्काचाच आराखडा उमटतो. ते संगणकप्रणालींबद्दल बोलत होते, पण संकेतस्थळांना ते तंतोतंत लागू पडतं. हा रोग सरकारचाच नाही. २०१० मध्ये व्यंगचित्रकार रँडल मनरो यांनी विद्यापीठांच्या स्थळांवर दोन वर्तुळं काढली होती, एकात मुखपृष्ठावर असलेल्या गोष्टी, दुसऱ्यात लोक जे शोधायला येतात ते. दोन्ही वर्तुळांत सामाईक एकच गोष्ट होती: विद्यापीठाचं पूर्ण नाव. आपल्याकडची महाविद्यालयं, सहकारी बँका, धर्मादाय रुग्णालयं यांची स्थळं पाहताना ते चित्र आठवत राहतं.

कचेरीची रचना माणसावर कशी लादली जाते याचा एक नमुना महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी स्थळाच्या जुन्या रूपात होता. सातबारा बघायचा तर बरीच वर्षं पहिला प्रश्न विभागाचा असे: अमरावती, औरंगाबाद, कोकण, नागपूर, नाशिक, पुणे. महसूल खात्याच्या दृष्टीने विभाग ही पहिली पायरी, कारण वर आयुक्त बसतात. पण बुलढाण्याचा शेतकरी स्वतःला अमरावती विभागाचा समजत नाही आणि सोलापूरचा माणूस पुणे विभागाचा. गाव, तालुका, जिल्हा एवढं त्याला ठाऊक असतं. जिल्हा सांगितला की विभाग कुठला हे यंत्राला कळतं; तरीही हा जोड माणसाकडूनच करून घेतला जात होता. गोष्ट छोटी आहे, दोन क्षणांची. पण ती दोन क्षणांची खटपट रोज असंख्य लोक करत होते, आणि पहिल्याच पायरीवर चुकीचा विभाग निवडणाऱ्याला आपलं गाव यादीत का नाही हे कुणी सांगत नव्हतं.

पारदर्शकतेसाठी केलेला कायदासुद्धा या सवयीतून सुटलेला नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबी स्वतःहून प्रसिद्ध करायच्या असतात. संस्थेची रचना आणि कार्ये, अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्ये, निर्णय घेण्याची कार्यपद्धती, अशी ती यादी. यादी चांगलीच आहे, तिने अनेक बंद दारं उघडली. पण ती प्रशासनावर नजर ठेवणाऱ्याच्या सोयीची आहे, काम घेऊन आलेल्याच्या नव्हे. बहुतेक स्थळांवर 'माहितीचा अधिकार' या शीर्षकाखाली सतरा पीडीएफ ओळीने लावून हा विषय संपतो. त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागातली सर्वांत परिणामकारक पद्धत विचारात घ्यावी, माहिती सहज मिळेल अशी असावी, असं म्हटलं आहे. सतरा बाबींची पूर्तता तपासता येते, खूण करता येते. 'सहज' तपासायला माणूस समोर बसवावा लागतो, म्हणून ते राहून जातं.

मग प्रश्न येतो शब्दांचा. जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. पाककृतींपासून विक्रीच्या छोट्या जाहिरातींपर्यंत निरनिराळ्या क्षेत्रांत त्यांनी लोकांना विचारलं, या गोष्टीला तुम्ही काय म्हणाल? दोन माणसांनी आपापल्या मनाने एकच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी निघाली. म्हणजे लेखकाने कितीही विचार करून एक शब्द पक्का केला तरी बहुतेक वाचक दुसराच शब्द घेऊन येणार. मराठीत ही दरी आणखी रुंद आहे, कारण कचेरीचा शब्द, बोलण्यातला शब्द आणि मोबाइलवर रोमन अक्षरांत उमटणारा शब्द असे तीन थर आहेत. अकरावीच्या किंवा सीईटीच्या प्रवेशाच्या दिवसांत घराघरात 'डोमिसाइल' आणि 'नॉन-क्रिमीलेयर' हेच शब्द ऐकू येतात. कागदावर त्यांची नावं वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र आणि उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र अशी असतात. मालमत्ता कर हा लोकांच्या तोंडी घरपट्टी असतो. २०२४ मध्ये तलाठ्याचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं. पण गावात अजून कितीतरी वर्षं लोक तलाठ्यालाच शोधत राहणार.

यावर भाषाशुद्धीच्या बाजूने आक्षेप येतो. अधिकृत मराठी शब्द घडवायला इतके कष्ट घेतले, ते सोडून 'डोमिसाइल' लिहायचं का? आक्षेप रास्त आहे, पण त्यात एक गफलत आहे. फर्नास यांनी सुचवलेला उपाय शब्द बदलण्याचा नव्हता. एका गोष्टीला लोक जितक्या नावांनी हाका मारतात ती सगळी नावं दारावर लावा, असा होता. शीर्षकात लोकांचा शब्द, पहिल्या वाक्यात अधिकृत शब्द, आणि शोधयंत्रासाठी दोन्ही लिपींतले पर्याय, असं केलं की 'डोमिसाइल' शोधत आलेला माणूस 'अधिवास' शिकून बाहेर पडतो. अधिकृत शब्द रुळण्याची याहून चांगली वाट दुसरी दिसत नाही. दाराबाहेर ठेवलेल्या माणसाला शब्द शिकवता येत नाही.

पानाच्या आतही हीच कसोटी लावायची. शासन निर्णयाचा साचा आपल्या परिचयाचा आहे. विषय, विभाग, क्रमांक, दिनांक, मग 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी, मग प्रस्तावना, आणि त्यानंतर, कधी दुसऱ्या पानावर, प्रत्यक्ष निर्णय. फाइलीवर सही करणाऱ्याला हा क्रम आवश्यक आहे. निर्णय कशाच्या आधारे झाला हे त्याला आधी पाहावं लागतं. नागरिकाला उलटा क्रम हवा असतो. आणि खात्यांची सवय अशी की संकेतस्थळावर माहिती देणं म्हणजे तो शासन निर्णय चढवणं. तो जुन्या टंकातला किंवा स्कॅन केलेला असेल तर शोधयंत्राला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. शिवाय पुढे निघालेलं शुद्धिपत्रक वेगळ्या जागी असतं. मिळालेला निर्णय अजून लागू आहे की नाही, हे ठरवण्याचं वकिलाचं काम वाचणाऱ्यावर येऊन पडतं.

एक काम घेऊन बघू. वडील वारले, शेतजमीन त्यांच्या नावावर होती, आता वारसांची नावं सातबाऱ्यावर लावायची आहेत. खात्याच्या रचनेप्रमाणे हा विषय तीन नमुन्यांत विभागलेला आहे: वारस नोंदवही म्हणजे गाव नमुना ६-क, फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६, आणि अधिकार अभिलेख म्हणजे गाव नमुना ७. कायदा आहे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवण्याची तरतूद कलम १४९ मध्ये, फेरफाराची कार्यपद्धती कलम १५० मध्ये. ऑनलाइन अर्जासाठी ई-हक्क नावाची आणखी वेगळी प्रणाली. हे सगळं प्रसिद्ध झालेलं आहे, लपवलेलं काही नाही. पण ज्याच्या घरात मृत्यू झाला आहे त्याच्या डोक्यात '६-क' नसतं.

त्याच्यासाठी पानाचं शीर्षक 'वारस नोंद: वडिलांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावं लावणं' असं हवं. पहिल्या दोन वाक्यांत अर्ज कुणाकडे करायचा, ऑनलाइन कुठे, आणि तीन महिन्यांची मुदत. लगेच कागद: मृत्यूचा दाखला, जमिनीचा ८-अ उतारा, सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र. इथेच एक वाक्य ठळक हवं, की सगळ्या वारसांत लग्न झालेल्या मुलीही येतात आणि त्यांचं नाव वगळून अर्ज करू नये. भांडणं आणि हरकती इथूनच सुरू होतात, आणि हे वाक्य कुठल्याही नमुन्याच्या नावात मावत नाही. त्यानंतर पुढे काय घडतं ते क्रमाने: चौकशी, वारस नोंदवहीत नोंद, फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीची मुदत, मंडळ अधिकाऱ्याचा निर्णय, सातबाऱ्यावर नाव. हरकत आली तर काय, याला वेगळं उपशीर्षक. नमुन्यांची नावं आणि कलमं सगळ्यात खाली. ती लागतातच, पण वकिलाला आणि अभ्यासकाला. अशा पानाच्या शेवटी 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न' जोडण्याचा मोह होतो. ब्रिटनच्या त्या लेखक मंडळींनी २०१३ मध्ये हा प्रकार ठरवून बंद केला. प्रश्न खरोखर वारंवार येत असेल तर त्याचं उत्तर मूळ मजकुरात योग्य जागी नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि प्रश्नाने सुरू होणाऱ्या वीस ओळी चाळणं हे नवं काम होऊन बसतं.

आता गंभीर आक्षेप. पहिला कायद्याचा: सोप्या शब्दांत लिहिलं की अपवाद गळतात, आणि उद्या कुणी तेच पान हातात घेऊन कोर्टात उभं राहिलं तर? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. खुद्द ब्रिटनमध्ये करविषयक मजकूर नव्या स्थळावर आला तेव्हा करसल्लागारांनी तक्रार केली की सोपं करण्याच्या भरात बारकावे गेले, आणि ती तक्रार निराधार नव्हती. उपाय मात्र सोपं न लिहिण्याचा नाही, थर ठेवण्याचा आहे. वर बहुसंख्यांना लागणारं, त्याखाली 'पुढील परिस्थितीत नियम वेगळा' असं स्पष्ट नाव घेऊन अपवाद, आणि प्रत्येक विधानाला मूळ कायद्याचा किंवा शासन निर्णयाचा दुवा. अपवाद आहे हे सांगणं आणि अपवाद पूर्ण समजावणं ही वेगळी कामं आहेत. पहिलं दर्शनी पानावर व्हायलाच हवं. आणि न समजणाऱ्या अचूकतेचीही किंमत असते. ती कोर्टात दिसत नाही, चुकीच्या कागदांसाठी दुसऱ्यांदा घातलेल्या हेलपाट्यात दिसते.

दुसरा आक्षेप व्यवहारातला: गावाकडचा माणूस संकेतस्थळ उघडतोच कुठे? तो सेतूत जातो, आपले सरकार सेवा केंद्रात जातो, तिथला मुलगा सगळं भरून देतो. खरं आहे, आणि काहींना ती मदत कायम लागेल. पण केंद्रातला मुलगाही त्याच स्थळावर काम करतो. त्याच्यापुढे रांग असते, आणि कागदांची यादी अर्धवट कळली तर माणूस घरी परत जातो. शिवाय मदतीसाठी जाणं वेगळं आणि वाट सापडत नाही म्हणून जाणं वेगळं. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणं हा हक्क आहे. तो वापरायची वाट दुसऱ्याला पैसे देऊन विचारावी लागत असेल, तर ती रक्कम शुल्काच्या तक्त्यात नसली तरी शुल्कच आहे.

तिसरा आक्षेप अगदी ताजा. मुखपृष्ठ आता कोण बघतं? लोक गूगलवरून थेट आतल्या पानावर उतरतात, किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारून मोकळे होतात. मग मांडणीवर घाम कशाला गाळायचा? यातला पहिला भाग मान्य करावा आणि त्याचा अर्थ नीट लावावा. माणूस मधल्याच पानावर उतरणार असेल तर प्रत्येक पान स्वतःच्या पायावर उभं हवं: हे कुणाचं पान, कुठल्या राज्याला लागू, कधीचं, पुढे कुठे जायचं, हे तिथल्या तिथे कळायला हवं. म्हणजे काम वाढलं. यंत्राच्या उत्तराचं तसंच. ते जे उपलब्ध मजकुरातून घेतं त्यात दहा वर्षांपूर्वीचा रद्द झालेला निर्णय आणि कालचा निर्णय शेजारी पडलेले असतील, तर ते दोन्ही एकाच आत्मविश्वासाने वापरू शकतं. निदान वाचणारा माणूस तारीख बघून साशंक तरी होतो.

हे सगळं करायला मोठा खर्च येतो असंही म्हणतात. पूर्ण नवी प्रणाली उभारायची तर येतो. पण निल्सन यांनी २००० मध्ये दाखवून दिलं तसं, चाचणीला पाच माणसं बसवली तरी बहुतेक ठळक अडचणी समोर येतात. मुखपृष्ठावरच्या सगळ्या शीर्षकांच्या चिठ्ठ्या करायच्या, कचेरीत आलेल्या पाच जणांना एकेकटं बसवायचं आणि विचारायचं, पाणीपट्टीचं बिल चुकलंय, यातलं कुठलं उघडाल? अवघड एवढंच की त्या वेळी खात्याच्या माणसाने तोंड उघडायचं नाही. 'अहो, ते लेखा विभागात येतं' असं सांगण्याचा मोह आवरला, की कुठला शब्द फसवतो ते कळतं. लोक चिठ्ठ्यांपुढे बसून मनाशी जे पुटपुटतात तेही उतरवून घ्यावं. पुढची शीर्षकं त्यातूनच मिळतात.

राहतो प्रश्न देखभालीचा, आणि बरी स्थळंसुद्धा इथेच कोसळतात. पान चढवताना शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांची घाई असते, उतरवताना कुणाचीच नसते. २०१७ च्या योजनेची 'अर्ज करण्याची अंतिम तारीख' आजही लुकलुकत असते. गव्ह डॉट यूकेवर कालबाह्य मजकूर पुसत नाहीत, तर वर ठळक पट्टी लावून तो मागे घेतल्याचं आणि का घेतल्याचं सांगतात. इतिहास हवा असणाऱ्याचंही काम होतं. आपल्याकडे सुरुवात याहून साधी करता येईल. प्रत्येक पानाखाली दोन ओळी: हे पान कुठल्या पदावरच्या व्यक्तीच्या जबाबदारीचं आहे, आणि तिने ते शेवटचं कधी तपासलं. स्थळाच्या तळाशी आपोआप बदलणारी तारीख चालणार नाही, ती यंत्राने टाकलेली असते आणि कुणीही काहीही तपासलं नाही तरी बदलते. आणि या दोन ओळींत लिहायला पद किंवा तारीख सापडत नसेल, तर ते पान त्याच दिवशी मागे घ्यावं.